झालं म्हटल्यानंतरचा फोटो

बाबा, आईला एक फोटो काढून हवा आहे. विकायचा नव्हे, घरातला. तुम्ही म्हाताऱ्या माणसांचे काढून ठेवायचे ना, तसा. मंगळवारी तिच्या हृदयाचं ऑपरेशन आहे, झडप बदलायची आहे. गेल्या आठवड्यात मोठ्या डॉक्टरांना दाखवून परत येताना आम्ही गुढ़ियारीच्या अंडरब्रिजपाशी ई-रिक्षात अडकून बसलो होतो. पुढं एका मालवाहू ऑटोचं आणि स्कूटरवाल्याचं जुंपलं होतं. दोघांनाही घाई होती आणि दोघंही हलत नव्हते. आणि ही मांडीवरची एक्सरेची पिशवी सरळ करत, भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तशा आवाजात म्हणाली, "माहा एक फोटो काढून ठेव वो. तुह्या त्या इंटरनेटवरचा नको. तुह्या बापानं काढला असता तसा." मी म्हटलं, "काहीतरीच काय बोलून राहिली तू." तर म्हणते, "काहून? डॉक्टर चांगलाच आहे, मी काय नाही म्हनून राहिली? पन आपल्या घरी तयारी असू दे ना. तुह्या बापाच्या खांद्यावर कोनाचा हात आहे, आजवर समजलं नाही. माह्या खांद्यावर कोनाचा हात नको." रिक्षावाल्या भैयानं आरशातून आमच्याकडे पाहिलं. मी बाहेर बघत बसले.

तो हात तुम्हाला ठाऊक असायचं कारण नाही. तुम्ही गेलात तेव्हा दादानं आणि मी सगळा स्टुडिओ उपसला. गुढ़ियारीतल्या अर्ध्या लोकांचे चेहरे निघाले, तुमचा निघाला नाही. कॅमेऱ्यामागं उभ्या राहणाऱ्याचा फोटो कोण काढतो? शेवटी दादाच्या लग्नातला ग्रुप फोटो घेऊन सदर बाजारातल्या एका स्टुडिओत गेलो, तुमच्याच धंद्यातल्या माणसाकडे. त्यानं इमानेइतबारे तुम्हाला वऱ्हाडातून कापून काढलं, मोठं केलं, मागं निळं आभाळ टाकलं. खांद्यावरची चार बोटं तेवढी राहून गेली. एका बोटात अंगठी आहे. आई म्हणते तुमच्या मावसभावाचा हात, दादा म्हणतो नवरीकडच्या कुणाचा तरी. इतकी वर्षं तुम्ही हार घालून, एका अनोळखी माणसाचा हात खांद्यावर घेऊन आमच्या पुढच्या खोलीत उभे आहात, आणि चेहरा असा की कुणीतरी जेवायला चला म्हणून ओढतं आहे.

तुम्हाला तुमचीच रीत सांगणं म्हणजे आजीला आजोळच्या गोष्टी सांगण्यासारखं आहे. तरी सांगते, कारण गेले चार-पाच दिवस माझ्या डोक्यात तेच चाललंय. रेल्वेतून रिटायर झालेली माणसं पेन्शनच्या फोटोसाठी यायची. मालधक्क्यावरचे हमाल यायचे, धान्याच्या दुकानातले मुनीम यायचे, सुनेनं कंगवा फिरवून धाडलेल्या म्हाताऱ्या यायच्या. त्या फिरत्या स्टुलावर बसले की दोन्ही हात गुडघ्यांवर, मान ताठ, श्वास कोंडलेला. तुम्ही तो कामाचा फोटो काढायचे. मग सरळ व्हायचे, अर्धवट पाठ फिरवायचे आणि म्हणायचे, "झालं." कुणी छत्तीसगढ़ी असला तर "हो गे, बबा." त्या एका शब्दानं माणूस स्वतःच्या अंगात परत यायचा. श्वास सुटायचा, खांदे उतरायचे, नजर चपलेकडे जायची, नाहीतर दाराशी थांबलेल्या बायकोकडे. आणि नेमकं तेव्हा तुमच्या डाव्या हातातली शटरची वायर दाबली जायची. एक फोटो जास्तीचा. रोल महाग होता, आई कुरकुर करायची, पण तुम्ही कुणाचा सोडला नाही, कुणाला सांगितलं नाही, कुणाकडून त्याचे पैसे घेतले नाहीत.

मग कधीतरी, दोन वर्षांनी, आठ वर्षांनी, त्या घरातलं कुणी तरी एखादा लग्नातला फोटो रुमालात गुंडाळून यायचं. भैया, ह्यातून आमच्या बाबूजींना तेवढं काढून द्या. तुम्ही त्या फोटोकडे पाहायचेसुद्धा नाहीत. आत जाऊन पाकीट शोधून आणायचे आणि निगेटिव्ह उजेडावर धरायचे. दुसऱ्या दिवशी मोठी कॉपी तयार. ती पाहून लोक त्याच स्टुलावर मटकन बसायचे. "ये कब खिंचवाया इन्होंने?" असं विचारायचे. तुम्ही म्हणायचे, "एक दिन आए थे." एवढंच. लहानपणी मला वाटायचं, तुम्हाला कोण कधी मरणार ते आधी कळतं. मी तसं विचारलंही होतं. तुम्ही हसून म्हणाला होता, "सगळेच मरतात वो पोट्टे, त्यात कळाचं काय आहे?"

आता माझं ऐका. दिवसभर मी शंकर नगरच्या एका ऑफिसात संगणकावर इमारतींचे नकाशे काढते. लोकांच्या बंगल्यांना जिने आणि बाथरूम बसवून देता देता डोळे जातात. संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी फोटो काढून ते इंटरनेटवर विकते. विकते म्हणजे, तिथं मोठमोठी दुकानं आहेत, दिसत नाहीत पण आहेत. आपण त्यात आपले फोटो ठेवायचे. जगात कुठंही कुणाला जाहिरातीला, पुस्तकाला, कशालाही चित्र हवं असेल तर तो तिथं शब्द टाकून शोधतो. "आलं", "आलं लिंबू", "सर्दी". माझा फोटो सापडला आणि पसंत पडला तर मला थोडे पैसे. थोडे म्हणजे एका फोटोत कटिंग चहासुद्धा येत नाही, पण थेंबे थेंबे करून आईची औषधं आणि घरचं इंटरनेट निघत होतं. सगळ्यात जास्त कुणाचे फोटो गेले असतील, तर तुमच्या बायकोचे.

हसू नका. ती अशी तयार झाली आहे की काय सांगू. सुरुवातीला नुसते हात द्यायची, कणीक मळताना, तांदूळ निवडताना. मग एकदा मी तिला म्हटलं, मोबाइल कानाला लावून हस. ती हसली, आणि तो फोटो असा चालला की मी पुन्हा आलं-लिंबाकडे वळून पाहिलं नाही. गोळी घेणारी म्हातारी, चष्मा पुसणारी म्हातारी, खिडकीतून बघणारी म्हातारी, पैसे मोजणारी म्हातारी. परवानगीचा कागद असतो, त्यावर ती मराठीत सही करते आणि दर वेळी विचारते, "घर तर नाही लिहून घेतलं ना?" एकदा भाचीला, म्हणजे दादाच्या मुलीला, परदेशातल्या कुठल्याशा गुडघेदुखीच्या मलमाच्या जाहिरातीत ती सापडली. बागेत उभी, मागची बाग त्यांनी चिकटवलेली. खाली लिहिलेलं, आता मी नातवंडांबरोबर धावते. आईनं ते दोनदा वाचून घेतलं आणि म्हणाली, "त्या बाईचे गुडघे बरे झाले म्हनते. मले बी एक डबी मागव ना." दोन दिवस तिनं साऱ्या पाऱ्याला, सगळ्या मोहल्ल्याला दाखवलं. स्वतः मात्र जिना बसत बसत उतरते.

ह्या धंद्याची एक रीत आहे, ती सांगितल्याशिवाय पुढचं घोडं हलणार नाही. फोटोतलं माणूस मधोमध ठेवायचं नसतं. एका कडेला ठेवायचं आणि दुसरी बाजू मोकळी सोडायची, कारण विकत घेणारा तिथं आपला मजकूर लिहिणार. आईला मी इतकी वर्षं सांगत आले, सरक, आणखी सरक, जागा सोड. आता तिला सांगावं लागत नाही. कॅमेरा दिसला की ती आपणहून डावीकडे सरकते, हनुवटी किंचित उचलते, आणि चेहऱ्यावर ते हसू येतं. स्वच्छ, आनंदी, कुणाचंही नसलेलं. शिवाय मी एकटीच काम करते, हाताखाली कुणी नाही. म्हणून कॅमेरा स्टँडवर लावून त्याला सांगून ठेवते की दर थोड्या वेळानं आपला आपण फोटो काढत जा. त्याचा आवाजही बंद करून ठेवलेला असतो. मी समोर पांढरा थर्माकोल धरून बसते, उजेड आईच्या तोंडावर पाडते, आणि तो बिचारा काढत राहतो. शंभरातला एक चांगला निघतो. तुम्ही हे ऐकून कपाळाला हात लावला असता. तुमच्याकडे माणशी दोनच असायचे.

तर गुरुवारी ऑफिसातून आल्यावर तिला तुमच्या स्टुलावर बसवलं. तेच स्टूल, गरगर फिरणारं. स्टुडिओ विकला तेव्हा आईनं ते आणि तुमची लाइटची छत्री एवढंच घरी आणलं होतं. तिनं अंजिरी साडी नेसली, पावडर लावली. मी डोळा लावून पाहिलं तर बाई डावीकडे सरकलेली.

"मधोमध बस ना आई."

"मंग लिहिनार कुठं ते?"

"ह्याच्यावर कोणी लिहिणार नाही. हा आपला आहे."

"हव हव," म्हणाली आणि मधोमध आली. मी कॅमेऱ्यामागं गेले आणि परत पाहिलं तर पुन्हा डावीकडे. तीन वेळा तसं झालं. मग मी म्हटलं, राहू दे, बस तिथंच, मी नंतर कापून घेईन. पण ते हसू मला कापता येईना. कॅमेऱ्यात बघितलं की ती मलमाची जाहिरात. "हसू नको," म्हटलं तर गंभीर झाली, आणि ती विम्याची जाहिरात.

शुक्रवारी सकाळी मी तुमची युक्ती करून पाहिली. दोन-तीन काढले, सरळ झाले, पाठ फिरवली आणि म्हटलं, "झालं." हातात रिमोट होता. मागून हसण्याचा आवाज आला. स्टूल गदगदा हलत होतं. "मले फसवतं काय वो? तुह्या बापाच्या स्टुडिओत पडद्यामागं चहा करता करता जिंदगी गेली माही. हे झालं-झालं मी तुह्या जन्माच्या आंधीपासून ऐकून राहिली." आणि मग तिनं तुमची नक्कल केली, पाठ कशी फिरवायचे, डावा हात कसा मागं घ्यायचे ते. हुबेहूब. तो फोटोसुद्धा चांगला आला, पण तो तुमचा फोटो आहे, तिचा नाही. ऑफिसला उशीर झाला म्हणून साहेबांनी ऐकवलं ते वेगळंच.

भाची इथंच कॉलेजला आहे, आमच्याकडे राहते. मराठी सगळं कळतं, उत्तर हिंदीत. ती हे सगळं पाहत होती. म्हणाली, "बुआ, इतना टेंशन क्यों ले रही हो? दादी की दस फोटो डाल दो, एआय जैसा बोलोगी वैसा बना देगा. मिडल में बैठी हुई, बिना हँसे." खोटं नाही, बनवतंच. माझा धंदा त्यानंच बसवलाय. आता म्हातारी लागली तर लोकांना माझी आई लागत नाही; शब्द टाकले की म्हातारी तयार होते, हव्या त्या साडीत, हव्या त्या हसूची. गेल्या वर्षभरात माझी विक्री अशी आटली आहे की महिन्याचा आकडा उघडून पाहायचाही कंटाळा येतो. तरी सवयीनं फोटो टाकत राहते, बंद पडलेल्या दुकानाची झाडलोट करावी तसं. भाची काय म्हणते ते मी आईला मराठीत सांगितलं. आईनं विचार केला. "ते मशीन झालं म्हनते काय?" मी म्हटलं, "म्हणायला लावलं तर म्हणेल." "मंग त्याले कळते का, कोन थकलं ते?" भाचीनं खांदे उडवले आणि कानात इअरफोनची बोंडं घातली.

त्याच दिवशी दुपारी जेवणाच्या सुट्टीत, ऑफिसच्या जिन्यात बसून मी मोबाइलवर आईचे सगळे विकायचे फोटो पाहिले. खाली खाली सरकवत गेले, संपेचनात. इतके फोटो, बाबा, आणि त्यात माझी आई एकातही नाही. मला रडू नाही आलं, वैताग आला. कुणावर ते कळेना. जिन्यात सिमेंटचा थंड वास होता, तुमच्या अंधाऱ्या खोलीसारखा नव्हता, तरी मला तीच आठवली.

मी कॉलेजात असताना तुमचा जुना कॅमेरा घेऊन मालधक्क्यावर गेले होते, आठवतं? गोण्यांवर झोपलेला एक हमाल, डोक्याखाली पंचा, पायावर ऊन. मला वाटलं, काय फोटो काढलाय! तुमच्या अंधाऱ्या खोलीत तो कागदावर उमटत असताना मी तुमच्या तोंडाकडे पाहत उभी होते, शाबासकीसाठी. लाल उजेडात तुम्ही बराच वेळ पाहिलंत आणि विचारलंत, "ह्याचं नाव काय?" मला माहीत नव्हतं. "दाखवला काय त्याले?" नाही. "मंग काढला कायले? ज्याचा फोटो, त्याले आंधी. मंग बाकीची दुनिया." तो ओला कागद वाळल्यावर मला परत धक्क्यावर पाठवलंत. मी रागानं गेले. तो हमाल फोटोकडे बघून लाजला आणि म्हणाला, दीदी, इसमें तो मैं सोया हूँ, घर में क्या बोलूँगा? तुम्ही त्याला स्टुडिओत बोलावून जागेपणीचा काढून दिलात. आणि झालं म्हटल्यावर दुसराही काढला असणार. तुमचा तो नियम मी इंटरनेटच्या धंद्यातही पाळला. ज्याचा फोटो काढला त्याला आधी दाखवल्याशिवाय मी आजवर एकही वर चढवलेला नाही. भाजीवालीलासुद्धा घरी जाऊन दाखवलाय. इतर लोक मला वेडी म्हणतात.

काल शनिवार, ऑफिसातून लवकर आले. संध्याकाळचा उजेड आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून चांगला येतो, म्हणून स्टूल तिथं नेलं. गॅसवर कुकर होता. आई साध्या घरच्या साडीत बसली, पावडर मीच लावू दिली नाही. मी कॅमेरा स्टँडवर लावला, त्याला काढत राहायला सांगितलं, आणि थर्माकोल घेऊन फरशीवर तिच्या उजव्या अंगाला बसले. बराच वेळ गेला. ती डावीकडे सरकत होती, मी मधोमध आणत होते. ती हसत होती, मी नको म्हणत होते. तीही दमली असणार. तिला श्वास लागतो हल्ली, ओठ निळसर होतात, आणि मी मात्र नाक वर, मान खाली करत बसलेय. मध्येच ती म्हणाली, "असं कर, तू बस स्टुलावर, तुहा बाप कसा तुले बसवून लाइट पाहे, तसं मी पाहतो." मी उठले नाही. मला तुमच्या स्टुलावर बसून समोर तुम्ही नसलेलं पाहायचं नव्हतं. कुकरच्या शिट्ट्या झाल्या. माझे हात भरून आले. सोमवारी तिला भरती करायचं, रजेचा अर्ज द्यायचा, दादा नागपूरहून कधी पोचतो ते विचारायचं, दवाखान्यात रक्ताचं काहीतरी लागणार ते बघायचं, आणि मी इथं थर्माकोल धरून बसले आहे, एका फोटोसाठी, जो मला नकोच आहे. हे मी पहिल्यांदा त्या क्षणी स्वतःशी बोलले: मला हा फोटो नकोच आहे. थर्माकोल बाजूला टाकला, भिंतीला टेकले, डोळे मिटले आणि म्हटलं, "झालं, आई. राहू दे. नाही होत माझ्याच्यानं."

मग तिचा आवाज आला. "दुपारी जेवली होती काय तू?"

मी मान हलवली. हो की नाही, माझं मलाच ठाऊक नाही. "डब्यात पोळ्या तशाच परत आल्या तुह्या. मी पाह्यलं," ती म्हणाली आणि गुडघ्यांवर हात ठेवून उठली, कुकर उतरवला, मला ताट वाढलं. तिथंच फरशीवर बसून मी जेवले. वरण-भात आणि पातळ भाजी. ती स्टुलावर बसून माझं जेवण पाहत होती. आम्ही फोटोचं पुन्हा काही बोललो नाही.

आज सकाळी कार्ड रिकामं करायला लॅपटॉपवर लावलं. कॅमेरा बंद करायला मी विसरले होते, बाबा. बॅटरी संपेपर्यंत तो काढतच राहिला होता. हसणारी आई, गंभीर आई, सरकणारी आई, पुन्हा सरकणारी आई. मग पांढरा उजेड गेलेला दिसतो, म्हणजे मी थर्माकोल टाकला. आणि त्याच्या पुढचा तो आहे.

खांदे उतरले आहेत. ओठ अर्धवट उघडे आहेत, दुपारी म्हणायला, नाहीतर जेवली म्हणायला. खिडकीचा उजेड एकाच गालावर आहे, दुसऱ्या गालावरच्या सुरकुत्या सावलीत. नेहमीसारखी ती डावीकडे सरकून बसली आहे आणि उजवी बाजू सगळी मोकळी. त्या मोकळ्या बाजूला, जरा खाली, ती पाहते आहे. मी तिथं आहे, फोटोच्या बाहेर, भिंतीला टेकलेली. तिच्या तोंडावर काय आहे ते मला लिहिता येत नाही. तापात मी डोळे उघडायची तेव्हा जो चेहरा समोर असायचा, तो आहे. मी खूप रडले. भाची दारात येऊन "क्या हुआ बुआ" म्हणाली आणि माझ्या खांद्यावरून स्क्रीनकडे वाकली. मग पहिल्यांदाच मराठीत म्हणाली, "आजी आहे ही."

आणि सवय किती वाईट असते पाहा. डोळे पुसता पुसता माझ्या मनात शब्द जमायला लागले होते. वृद्ध स्त्री. काळजी. खिडकीचा उजेड. उजवीकडे मजकुरासाठी जागा. हा खपेल, असं मला कळलं. असा मशीनला येत नाही. मी लॅपटॉपचं झाकण लावलं.

आई ओट्याशी बसून मेथी निवडत होती. माझ्याकडे न बघताच तिनं विचारलं, "आला काय त्यात एखादा?"

मी म्हटलं, "नाही आला, आई."

"एकबी नाही?"

"सगळे हलले आहेत. फोकसच नाही."

तिनं एक जुडी संपवली, देठं कागदावर सरकवली. मला वाटलं ती आता म्हणेल, आण इकडं, पाहू दे. तिच्या जागी तुम्ही असता तर म्हणाला असता. ती नुसतं म्हणाली, "मंग आता उद्या तर भरती व्हाचं आहे. कवा काढतं?" आणि थोड्या वेळानं, स्वतःच ठरवल्यासारखं, "जाऊ दे. घरी आल्यावर काढू. तवा मी नीट मधोमध बसीन. तेवढी बॅटरी भरून ठेवजो."

ज्याचा फोटो, त्याला आधी. नियम मला पाठ आहे बाबा, आणि मी तो मोडला. त्या म्हाताऱ्यांच्या घरातल्या माणसांना तुम्ही पाकीट काढून द्यायचे तेव्हा एक गोष्ट माझ्या कधी लक्षात आली नव्हती. तुमच्याकडे पाकीट तयार असायचं, पण ते तयार आहे हे त्या म्हाताऱ्यांना माहीत नसायचं. ते आपले मजेत पेन्शन घेत फिरायचे. आईला माहीत झालं तर ती उद्या सगळं आवरून, निर्धास्त होऊन गाडीत बसेल. मला ती निर्धास्त व्हायला नको आहे. तिचं काहीतरी इथं अर्धवट राहिलेलं मला हवं आहे.

ती आता पलंगावर पडली आहे, दुपारची झोप. तिच्या घोरण्याचा आवाज येतोय तोवर मी हे लिहून घेतलं. लिहिलेलं त्याच फोल्डरमध्ये ठेवते, त्या फोटोशेजारी. दोन्हीही कुठं पाठवायचं नाही. बॅटरी चार्जिंगला लावली आहे.